लालबाग-परळ 'राहण्यालायक उरलं नाही' म्हणे!

गिरणगावचा_गणू: कालपासून एक पोस्ट फिरतेय. सार असं: 'लालबाग-करी रोड पट्ट्यात गुन्हेगारी हाताबाहेर गेलीय, नऊनंतर बायकांनी खाली उतरू नये, आम्ही घर विकून ठाण्याला चाललो, तुम्हीही शहाणे व्हा.' खाली 'अगदी खरं, अगदी खरं'ची रांग.

अहो, जा की ठाण्याला! टू बीएचके मिळतोय म्हणून जा, कोण अडवतंय? पण जाताना आमच्या तोंडाला काळं कशाला फासता? १९८२ चा संप झाला, गिरण्यांना कुलपं लागली आणि बेकार पोरं टोळ्यांना आयती मिळाली. अरुण गवळीची टोळी एकीकडे, अमर नाईकची दुसरीकडे. १९९४ ला गिरणीमालक सुनीत खटावना महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात गोळ्या घातल्या. त्या दिवसांत आम्ही इथूनच शाळेत जात होतो. आणि आज मोबाइल गेला म्हणून गाव सोडायचं?

पोस्टमध्ये काळाचौकीच्या मोबाइलचोऱ्यांचा बाऊ केलाय. त्यातले गणपतीचे दिवस आधी बाजूला काढा. राजाच्या दर्शनाला लाखोंनी लोक येतात, खिसेकापू त्यांच्यासोबतच येतात. पाकीट जातं बाहेरच्याचं, नाव खराब होतं आमचं.

ठाणेकर_नाइलाजाने: ती पोस्ट माझीच. टोळीयुद्धाच्या आठवणी इतक्या गोड लागत असतील तर फ्रेम करून लावा. माझ्या बायकोचं मंगळसूत्र उड्डाणपुलाखाली भर संध्याकाळी ओढलं, मानेवर अजून वळ आहे. गणपती नव्हते, श्रावण होता. शेजारच्या वहिनींचा फोन गेला तर चौकीत म्हणाले, 'गहाळ' लिहा, इन्शुरन्सला तेवढं पुरतं. आता सांगा, आकडा फुगलाय की दाबलाय?

निवृत्त_जमादार: नोकरी याच खात्यात गेली, म्हणून बोलतो. गहाळ लिहिलं की गुन्हा दाखल होत नाही, तपास लागत नाही आणि महिन्याच्या आढाव्यात साहेबांसमोर कोणाची मान खाली जात नाही. लोकांनाही सही करून लवकर घरी जायचं असतं. हिसकावून नेलं असेल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ वेगळं आहे, तसं ठासून सांगा आणि एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. प्रत फुकट मिळते.

दुसरं, दोघांनाही. एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचे, आकडे अख्ख्या शहराचे असतात, त्यात लालबाग वेगळं सापडणार नाही. शहराचा दर काढतात तो २०११ च्या जनगणनेवर. शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजणीत सगळ्यांत गंभीर तेवढंच धरतात. तेव्हा दर वाढला-घटला यावर डोकी फोडू नका.

पार्किंगपीडित: मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. फुटपाथवर दुहेरी स्कूटर लागतात, माणूस रस्त्यातून चालतो, म्हणून साखळीचोर बाइकवरून हात घालू शकतो. पार्किंग सुटलं की गुन्हे सुटले.

गिरणगावचा_गणू: आले! गेल्या महिन्यात डेंग्यूसुद्धा पार्किंगमुळेच होता ना?

मीनल_चिंचपोकळी: गणूदादा, नव्वदमध्ये तुम्ही मजेत शाळेत गेलात, कारण तुम्ही मुलगे होतात. नाक्यावरच्या एका 'भाई'च्या माणसाची नजर माझ्या ताईवर पडली. आजीने तिला रातोरात चिपळूणच्या एसटीत बसवलं, कॉलेज तिथेच सुटलं. हे कुठल्या पोलीस ठाण्याच्या डायरीत आहे?

आणि आजचं विचाराल तर मला चोरापेक्षा त्या टॉवरच्या गेटचा ताप जास्त आहे. स्टेशनकडून आमच्या चाळीकडे यायला मधली वाट होती. दिवा असायचा, इस्त्रीवाला बसायचा. टॉवर झाला, गेट लागलं, रात्री आठनंतर कुलूप. आता पत्र्याच्या भिंतीकडेने लांबचा वळसा, तिथे गर्दुल्ले बसलेले. दुसऱ्या पाळीवरून येणाऱ्या नर्सबाई भावाला फोन करून बोलावतात.

टॉवर_१९वा_मजला: गेट आम्ही हौसेने लावलेलं नाही. रात्री एक जण जिन्यात फुकत बसलेला सापडला, दोन सायकली गेल्या, वॉचमनला मारहाण झाली. मेंटेनन्स आम्ही भरतो, जबाबदारी आमची. गर्दुल्ल्यांना हटवणं हे पोलिसांचं काम, ते त्यांना सांगा.

मीनल_चिंचपोकळी: म्हणजे गर्दुल्ले तुमच्या जिन्यातून उठवून आमच्या वाटेवर बसवले, एवढंच झालं. वांद्र्याला जानेवारी २०२५ मध्ये सैफ अली खानच्या घरात शिरून चाकू मारलाच ना? तिथे काय गेट नव्हतं?

टॉवर_१९वा_मजला: एका घटनेवरून गेटच नको म्हणायचं? तुमच्या चाळीचं दार तरी रात्री उघडं ठेवता का?

मीनल_चिंचपोकळी: ठेवतो. गॅलरीत दोन म्हातारे झोपतात, मांजर आलं तरी खोकतात. तुमच्या मजल्यावर शेजाऱ्याचं आडनाव माहीत आहे?

टॉवर_१९वा_मजला: ताई, हेच म्हातारे आमच्या मुलीच्या मैत्रिणीला 'कोणाकडे, कशाला, एवढ्या उशिरा?' विचारत होते. तुम्हाला ती राखण वाटते, तिला चौकशी वाटली. माझंही बालपण चाळीतलं आहे, उगाच गोडवे नका गाऊ.

मीनल_चिंचपोकळी: हं. हे मात्र खरं आहे, आमच्या म्हाताऱ्यांना तोंड फार. पण तोंडावर कुलूप लावा, वाटेवर नको.

ठाणेकर_नाइलाजाने: बघा, माझ्या पोस्टला खोटं पाडायला निघालेत आणि गर्दुल्ले, मारहाण, अंधार सगळं स्वतःच सांगतायत. धन्यवाद, मंडळी!

गिरणगावचा_गणू: तुमचं मंगळसूत्राचं वाईट झालं, ते नाकारत नाही. तुमच्या मंडळींना तसं सांगा. पण 'राहण्यालायक नाही' हे शब्द आधी मागे घ्या. आजीला इथेच ठेवून तुम्ही ठाण्याला निघालात असं ऐकलं. तिला चालतं वाटतं?

ठाणेकर_नाइलाजाने: आजी जागा सोडायला तयार नाही, पागडीचा वाद आहे. घरच्या गोष्टीत शिरू नका.

निवृत्त_जमादार: आवरा. मीनलताई, ती वाट मंजूर नकाशात पायवाट म्हणून दाखवली असेल तर सोसायटीला कुलूप लावता येणार नाही. एफ दक्षिण वॉर्डात, परळला, माहितीच्या अधिकारात नकाशाची प्रत मागा, अर्जाचं शुल्क १० रुपये. नकाशात नसेल तर मग गोडीत घ्यावं लागेल.

टॉवर_१९वा_मजला: नकाशात निघाली तर मी स्वतः कमिटीत मांडतो. पण अकरापर्यंतच, आणि दिव्याचं बिल अर्धं अर्धं.

मीनल_चिंचपोकळी: साडेअकरा. नर्सबाईंची गाडी अकरा दहाला लागते.

पार्किंगपीडित: गेट उघडणारच असाल तर आतल्या मोकळ्या जागेत आमच्या स्कूटर...

टॉवर_१९वा_मजला: झालं. हेच म्हणत होतो मी.