शेंडा लावून २ वर्षं झाली, अननसाला फळ का धरत नाही?

पानोपानी
नमस्कार. १० इंची कुंडीत अननसाचा शेंडा लावून २ वर्षं झाली. झाड उभं आहे, पण फुलायचं नाव नाही. आजची स्थिती: हिरवी पानं २६, सगळ्यात लांब पान ४५ सेंमी. ऊन सकाळचं, जेमतेम ३ तास. पाणी रोज, तेही जड (क्षारांचं). कुंडीच्या काठावर पांढरा थर धरलाय. माती निम्मी बागेतली, निम्मं शेणखत. पोंग्यातून (मधल्या पानांच्या पेल्यातून) निघणारी नवी पानं फिकट पिवळी आहेत, खालची जुनी मात्र हिरवी.
दुसरा एक शेंडा फळावरून काढला त्याच दिवशी लावला होता. तो १२ दिवसांत बुडाशी काळा पडून आडवा झाला.
फुलोरा यावा म्हणून सफरचंद ठेवून पिशवी बांधायचा उपाय आत्ताच करावा का? पानं पिवळी कशाने? आणि नवा शेंडा लावताना काय पाळायचं?

वाफसा
सफरचंद आत्ता अजिबात नको. अननसात वर्षं मोजू नका, पानं मोजा. झाड फुलायला लायक झालं की नाही हे त्याच्या अंगावर ठरतं, वयावर नाही. ३५ ते ४० हिरवी, धडधाकट पानं आणि सगळ्यात लांब पान निदान ६० सेंमी, एवढं झाल्याशिवाय फुलोऱ्याच्या मागे लागू नये. मोजताना वाळलेली खालची पानं धरायची नाहीत. लांबी मोजायला सगळी पानं दोन्ही हातांनी गोळा करून वर उभी धरा, जे सगळ्यांच्या वर जाईल ते मोजायचं.
घाई का करू नये, तेही सांगतो. अननसाचं फळ म्हणजे एकमेकांना चिकटलेली शंभर-दीडशे फुलं. प्रत्येक डोळा म्हणजे एक फूल. किती डोळे बसणार हे फुलोरा पोंग्यात तयार होतो तेव्हाच ठरून जातं आणि ते झाडाच्या त्या वेळच्या ताकदीवर असतं. २६ पानांच्या झाडाला जबरदस्तीने फुलवलंत तर मुठीएवढं फळ येईल, आणि नंतर कितीही खत घातलं तरी एकही डोळा वाढणार नाही. त्या खोडाला पुन्हा फळ येत नाही, म्हणजे संधी एकदाच.
तुमच्याकडे वाढ तीन गोष्टींनी अडली आहे. पहिली ऊन. ३ तासांवर झाड जगतं, अंग धरत नाही. ६ तास थेट ऊन हवं. पण एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानांवर पांढरट भाजल्याचे चट्टे पडतात. दर दोन-तीन दिवसांनी तासभर वाढवत दोन आठवड्यांत न्या. दुसरी कुंडी. १४ इंची घ्या. फार खोल नको, रुंद हवी, कारण मुळ्या वरच्या थरातच पसरतात. तिसरी पाणी. रोजच्या पाण्याने मातीला वाफसाच (ओल आणि हवा यांचा मेळ) येत नाही, मुळ्या गुदमरतात. बोट दोन पेरं आत घाला. तिथे कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि दिलं की खालून निथळेपर्यंत द्या. उन्हाच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा, एरवी एकदा पुरतं.
मिश्रण: कोकोपीट २ भाग, जाडी वाळू १ भाग, गांडूळखत १ भाग. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. निम्मं शेणखत फार झालं, ते ओल धरून बसतं.
कुंडी बदलताना बुडाची वाळकी पानं ओढून काढा आणि खोडाचा उघडा पडलेला २-३ सेंमी भाग मातीखाली जाऊ द्या. अननसाची तुटलेली मुळी पुन्हा जोर धरत नाही, नव्या मुळ्या खोडातूनच फुटतात. म्हणून खोडाला माती मिळवून देणं हीच त्याची खरी मदत.

हिरवा कोंब
पिवळेपणाबद्दल. तुम्ही नवी पानं पिवळी, जुनी हिरवी असं नीट लिहिलंत हे फार बरं झालं, त्यातच उत्तर आहे. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून कोंबाला देतं, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह असं जुन्यातून नव्याकडे हलत नाही, म्हणून लोह कमी पडलं की पोंगा पिवळा निघतो. तुमचं लोहाचं दुखणं आहे. काठावरचा पांढरा थर त्याची साक्ष देतोय: जड पाण्यातला चुना साठून माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. अननसाला आम्ल माती लागते, सामू (पीएच) ४.५ ते ५.५ उत्तम, ६ पर्यंत चालतो.
यावर हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घालून उपयोग होत नाही, तिथे ती लगेच अडकून पडते. पानांवर फवारा. १ लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व). द्रावण ताजं करायचं. तांबूस झालं की फेकून द्या, ते निकामी झालेलं असतं. फवारणी संध्याकाळी. १५ दिवसांनी पुन्हा. आधीच पिवळी निघालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, पुढे निघणारं पान कसं आहे ते बघा. पाण्यासाठी पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही.
खताचंही इथेच सांगते. अननस पानांच्या बुडाशी साठलेल्या पाण्यातूनही अन्न घेतो, त्यामुळे पातळ खत पानांवरून दिलेलं चांगलं लागू पडतं. दर २० दिवसांनी १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम युरिया आणि ३ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. पोटॅशसाठी क्लोराइडवालं खत टाळा, कुंडीत क्षार आणखी वाढतात. हिराकस आणि हे खत एकाच दिवशी मिसळू नका, आठवडाभराचं अंतर ठेवा.

बुडखा
मेलेल्या शेंड्याचं कारण उघड आहे: ओली जखम मातीत गेली. शेंडा पिळून काढल्यावर बुडाला फळाचा गर राहतो, त्यात साखर असते आणि मातीतली बुरशी त्यावर तुटून पडते. काळं, मऊ पडलेलं बूड ही तिचीच खूण.
नीट करायचं असं. शेंडा सुरीने कापू नका, फळ एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने शेंडा पिळा, खोडासकट सुटून येतो. चिकटलेला गर सगळा काढून टाका. मग खालची छोटी पानं एकेक करून खाली ओढत सोला, २-३ सेंमी खोड उघडं होईपर्यंत. पानं निघालेल्या जागी मोहरीएवढे तपकिरी उंचवटे दिसतील. त्या झोपलेल्या मुळ्या आहेत. काहींना तर पांढरं टोकही फुटलेलं असतं. ते दिसले की थांबा.
आता शेंडा उलटा करून सावलीत, हवेशीर जागी ५ ते ७ दिवस ठेवा. बूड बुचासारखं कोरडं लागलं पाहिजे. अननस रसाळ पानांचा आहे, आठवड्याने मरत नाही. लोक इथेच धीर सोडतात. लावताना ३-४ सेंमी खोल, आणि पोंग्यात मातीचा कणही जाऊ द्यायचा नाही. बुडाशी माती बोटांनी घट्ट दाबा, डुलणाऱ्या शेंड्याला मुळी धरत नाही. पहिलं पाणी दिल्यावर माती जरा सुकू द्या. ६ ते ८ आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखं वाटलं तर मुळ्या धरल्या.
पाण्याच्या ग्लासात मुळ्या काढायची पद्धतही चालते, पण पाण्यातल्या मुळ्या ठिसूळ असतात आणि मातीत नेताना मोडतात. मला ती पसंत नाही.

पानोपानी
सगळ्यांचे मनापासून आभार. कुंडी बदलायला झाड काढलं तर दोन गोष्टी दिसल्या. खालच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे आणि मुंग्या ये-जा करताहेत. आणि पोंग्यात कायम पाणी साठलेलं असतं, ते ठेवायचं की ओतून टाकायचं? दोन्ही सल्ले वाचलेत.

वाफसा
पांढरं ते पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याच्या अंगातून निघणारा गोड चिकटा खातात, त्याचं रक्षण करतात आणि त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन बसवतात. मुंग्या थांबवल्या नाहीत तर ढेकूण जात नाही. कुंडी स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आणि पानं भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर तो पूल होतो.
ढेकूण आधी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने बेचक्यातून पुसून काढा. मग १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली पातळ साबण आणि ५ मिली कडुनिंबाचं तेल घोळून पानांच्या बुडापर्यंत फवारा, संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने पोंगा धुऊन घ्या. ७ दिवसांच्या अंतराने तीनदा. अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात, एकदाच फवारून सोडलं तर महिन्याभरात जैसे थे. मुळ्यांवरही तपासा, तिथेही असतो.
हे नुसत्या रस शोषण्यापुरतं नाही. या किडीबरोबर मर रोगाचे विषाणू पसरतात. पानं तांबूस-गुलाबी होऊन टोकं खाली वळायला लागली, माती ओली असूनही झाड तहानलेलं दिसलं, तर तो मर. त्याला औषध नाही. असं झाड काढून टाका आणि त्याचा फुटवा लावायला घेऊ नका.
पोंग्यातलं पाणी मी तरी ओतून टाकायला सांगेन.

हिरवा कोंब
इथे थोडा मतभेद. उबदार दिवस, भरपूर ऊन आणि वारा असेल तर पोंग्यातलं थोडं पाणी झाडाच्या कामाचंच असतं. वाईट काय, तर थंडीत किंवा सावलीत दिवसेंदिवस साचलेलं पाणी, त्यातही माती किंवा कुजलेली पानं पडलेली असतील तर. तिथून पोंगासड होते. ओळखायची खूण: मधलं पान चिमटीत धरून हलकं ओढा. निरोगी पान हटत नाही. सडलेलं पान सहज हातात येतं, बुडाशी पांढरट-पिवळं, लिबलिबीत, आणि आंबट घाण वास येतो. पानोपानी, तुमच्या झाडाला ३ तासच ऊन आहे, तेव्हा आत्ता ओतून टाका. झाड पूर्ण उन्हात गेल्यावर काळजी नको.

वाफसा
हो, हे बरोबर आहे. उन्हाची अट घालून सांगायला हवं होतं.

बुडखा
४० पानं झाल्यावर काय करायचं ते आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे घाईत चूक नको. चांगलं ऊन आणि खत मिळालं तर तुमच्या झाडाला ६ ते ८ महिने धरून चाला. थंड रात्री आणि लहान दिवस आले की पुरेसं वाढलेलं झाड आपणहून फुलतं. नाही फुललं तर इथिलीन वायूने चालना द्यायची, पिकलेल्या सफरचंदातून तोच निघतो.
सफरचंदाची रीत: पोंग्यातलं पाणी काढा, दोन पिकलेली सफरचंदं कुंडीच्या मातीवर ठेवा, पोंग्यात नाही. झाडावर मोठी प्लास्टिकची पिशवी घालून खाली बांधा आणि ५ दिवस सावलीत ठेवा. उन्हात पिशवी ठेवलीत तर झाड आतच उकडून निघेल.
इथेफॉन (इथिलीन सोडणारं औषध) जास्त भरवशाचं, पण मात्रा फार बारीक लागते: २५ पीपीएम (दहा लाखांत २५ भाग). ३९ टक्क्यांचं इथेफॉन असेल तर १ मिली १ लिटर पाण्यात मिसळा, आणि त्या द्रावणातले ६५ मिली घेऊन पुन्हा १ लिटर करा. त्यात २० ग्रॅम युरिया आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. कार्बोनेट विसरू नका. आम्ल द्रावणात इथेफॉन तसंच राहतं, आम्लता कमी झाली की त्यातून इथिलीन सुटतं. पोंग्यात ५० मिली ओता, हातमोजे घालून, संध्याकाळी, पुढचा दिवसभर पाऊस नसेल तेव्हा. अननसाच्या पानांची रंध्रं रात्री उघडतात, म्हणून संध्याकाळ. कॅल्शियम कार्बाइड घरी वापरू नका, त्यातून निघणारा वायू पेट घेतो.
६ ते ८ आठवड्यांनी पोंग्याचा मधला भाग लालसर झालेला दिसेल, मग जांभळी फुलं खालून वर उमलत जातील. परागीभवनाची खटपट नको. फळ त्याविना धरतं, आणि दुसऱ्या जातीचा पराग मिळाला तर उलट डोळ्यांत कडक बिया होतात. फळ धरल्यावर युरिया बंद, पोटॅश चालू ठेवा. फळ जड झालं की देठ कलतो आणि उन्हाकडची बाजू भाजते. काठीचा आधार द्या आणि त्याचीच पानं वर बांधून सावली करा.
काढणी: पिवळा रंग खालून चढतो. निम्म्याहून वर आला, डोळे सपाट झाले आणि बुडाशी वास आला की ५ सेंमी देठ ठेवून कापा. अननसात पिष्ट साठलेलं नसतं, तोडल्यावर रंग बदलेल, मऊ होईल, पण गोडी वाढणार नाही. कच्चं तोडलं तर तेवढंच आंबट राहील.
फळ काढल्यावर झाड उपटू नका. बुडाशी फुटवे येतात, त्यातला सगळ्यात जोरकस एक तिथेच ठेवा, आईची पानं त्याला पोसतात. बाकीचे २५-३० सेंमी झाले की पिळून काढा, आठवडाभर सुकवा आणि लावा. शेंड्याला फळापर्यंत २ वर्षं किंवा जास्त लागतात, फुटव्याला साधारण सव्वा ते दीड.