जुन्या बाजारातलं फोल्डर: युरोपातली शहरं आणि चिनी देव एकत्र. किती जुनं असेल?

राइनकाठी

मंडळी, जुनी पुस्तकं, नकाशे यातलं कळणारे लोक इथे आहेत म्हणून विचारतोय. मी कोलोनला असतो. इथल्या जुन्या बाजारात एका आजोबांकडून पुठ्ठ्याचं एक फोल्डर घेतलं, ४० युरोला. आत सगळी सुटी पानं आहेत, कुठल्यातरी पुस्तकांतून काढलेली दिसतात. त्यातल्या चारांबद्दल विचारायचंय.

एक कोलोनचंच आहे, करड्या बारीक रेषांमधलं. पुढे नदी, होड्या एकाला एक लावून वर फळ्या टाकलेला पूल, एक धूर सोडणारी बोट, आणि मागे कॅथेड्रल पण त्याला ते दोन प्रसिद्ध मनोरेच नाहीत! एका बाजूला नुसता अर्धवट बुंधा आणि त्याच्या डोक्यावर कसलातरी लाकडी फाटा बाहेर आलाय. दुसरं व्हेनिस, विमानातून बघितल्यासारखं. तिसरं चिनी, काळ्या रेषांचं, त्यात मुंडकं नसलेला माणूस आहे, छातीवर डोळे, पोटावर तोंड आणि एका हातात कुऱ्हाड, एका हातात ढाल घेऊन नाचतोय. चौथं रंगीत, वटारलेले डोळे, अस्ताव्यस्त दाढी, हातात तलवार, पायाखाली एक चिमुकलं भूत आणि खाली फ्रेंचमध्ये ओळ.

आजोबा म्हणाले सगळं १७व्या शतकातलं. बायको म्हणते तुला कोणीही गंडवतं. कसं ओळखायचं? आणि हे सगळं एकाच फोल्डरमध्ये कसं काय आलं असेल?

भिंगवाला

धुराची बोट आणि १७वं शतक? वहिनींना म्हणावं शंका रास्त आहे :)

पण निराश होऊ नका, कोलोनचं पान मजेशीर आहे कारण त्या चित्रातच तारीख लपलीय. तो लाकडी फाटा म्हणजे क्रेन. कॅथेड्रलचं बांधकाम १२४८ ला सुरू झालं, मागचा भाग १३२२ पर्यंत झाला, मग रडतखडत चालत १६व्या शतकात पैसाही आटला आणि उत्साहही, आणि दक्षिणेकडचा मनोरा अर्धाच राहिला. त्यावरची क्रेन कोणी उतरवलीच नाही, चारशेच्या वर वर्षं ती तशीच उभी होती, पार शहराची खूण होऊन बसली. पुन्हा काम सुरू झालं १८४२ ला, क्रेन उतरवली १८६८ ला आणि मनोरे पूर्ण झाले १८८० ला. म्हणजे क्रेन दिसतेय तर देखावा १८६८ च्या आधीचा.

आता बाकीचं बघा. राइनवर वाफेच्या बोटी आल्या १८१६ पासून. होड्यांचा पूल १८२२ चा. आणि १८५९ ला तिथे लोखंडी पक्का पूल झाला, तो तुमच्या चित्रात नाही. म्हणजे देखावा साधारण १८२२ ते १८५९ मधला. त्या काळात जर्मनीत स्टीलच्या पत्र्यावर कोरलेल्या शहरचित्रांचं पेवच फुटलं होतं. तांब्याचा पत्रा मऊ, थोड्याच प्रतींत रेषा झिजायला लागतात, स्टीलवर हजारोंनी छापा, काही होत नाही. हिल्डबुर्गहाउझेनच्या योझेफ मायरनं १८३३ पासून अशा चित्रांची मालिकाच काढली, लोक घरबसल्या जग बघायचे. त्यामुळे आज ही पानं पोत्यानं मिळतात. अस्सल आहेत, दुर्मीळ नाहीत.

खात्री करायची तर एक दहापटीचं भिंग घ्या. आभाळ बघा. स्टीलचं असेल तर आभाळात केसासारख्या सरळ, एकसारख्या अंतराच्या रेषा दिसतील, त्या यंत्रानं ओढायचे. आणि भिंगाखाली जर पेपरातल्या फोटोसारखे ठिपके दिसले, तर नंतरची फोटोवरून केलेली छपाई, विषय संपला. व्हेनिसला हे आधी करा.

मेघना_पुणे

चिनी पानांवर मी बोलते, शहरांचं भिंगवाला काकांकडे.

मुंडकं नसलेला म्हणजे शिंगत्यान. 'शानहाइ जिंग' नावाचा फार जुना चिनी ग्रंथ आहे, डोंगर आणि समुद्रांची माहिती म्हणून लिहिलेला पण आत नऊ शेपट्यांचा कोल्हा, एकच पाय असलेले प्राणी, असली सगळी मंडळी. त्यात हा देवाशी भांडला, देवानं मुंडकं उडवून डोंगरात पुरलं, तर हा पठ्ठ्या थांबलाच नाही, स्तनांचे डोळे केले, बेंबीचं तोंड केलं आणि ढाल-कुऱ्हाड घेऊन नाचत राहिला. हरलेला पण न वाकलेला म्हणून चिनी लोकांना त्याचं कौतुक. (आपल्याकडचा दंडकारण्यातला कबंध आठवला ना? मलाही. पण कबंध शापातून सुटायची वाट बघत बसलेला असतो, हा गडी सुटका बिटका मागतच नाही.)

मिंग काळात, १६व्या शतकाच्या शेवटी, या ग्रंथाच्या चित्रांसकट आवृत्त्या लाकडी ठशांवर छापल्या गेल्या आणि पुढे १६६७ ला वू रनछननं मोठी टीकेसह आवृत्ती केली. तीच चित्रं पुन्हा पुन्हा उतरवली गेली. १९व्या शतकाच्या शेवटी शांघायला लिथो (दगडावरून करायची छपाई) आला आणि जुन्या ठशांच्या पुस्तकांच्या स्वस्त प्रती धडाधड निघाल्या. तुमचं त्यातलं असायची शक्यता जास्त. पान मधे दुमडलेलं आहे का बघा, चिनी पुस्तकात कागदाची एकच बाजू छापायचे आणि घडी घालून शिवायचे, घडीची कड बाहेर.

दाढीवाला झोंग क्वे, भुतांचा कर्दनकाळ. परीक्षेत पहिला आला पण चेहरा भयानक म्हणून मान नाकारला, तर त्यानं राजवाड्याच्या पायरीवर डोकं आपटून जीव दिला. पुढे थांग घराण्याचा बादशहा श्वानझोंग तापानं फणफणला होता तेव्हा त्याच्या स्वप्नात येऊन यानं भूत पकडून खाल्लं, बादशहा बरा झाला आणि वू दाओझ या चित्रकाराला सांगून त्याचं चित्र काढून घेतलं. तेव्हापासून दारावर लावायचं चित्र.

आता फ्रेंच ओळ. शांघायला आंरी दोरे नावाचा एक जेझुइट पाद्री होता, त्यानं १९११ पासून चिनी लोकांच्या श्रद्धांवर फ्रेंचमध्ये बरेच खंड काढले, लोकांच्या घरातली, बाजारातली देवाची चित्रं गोळा करून तीच आत रंगीत छापली. तुमचं त्यातलं असू शकतं, ओळीचा फोटो टाका. गंमत अशी की तो "अंधश्रद्धा" म्हणून नोंदवत होता आणि त्यामुळेच ती चित्रं टिकली! कारण मूळ चित्रं टिकायला केलेलीच नव्हती. आपल्याकडे श्रावणात जिवतीचा कागद भिंतीवर लावतो तसंच ते, दर नववर्षाला नवीन आणायचं. स्वयंपाकघरातल्या चूलदेवाचं तर वर्षाच्या शेवटी चित्रच जाळतात, तो वर जाऊन घरचा रिपोर्ट देतो म्हणे, म्हणून जाळण्याआधी त्याच्या ओठांना मध किंवा गोड चिकट काहीतरी फासतात, म्हणजे गोड तरी बोलेल नाहीतर तोंड तरी उघडणार नाही.

जुनी_पानं

मेघनाताई मस्त. छातीवर तोंड असलेली माणसं युरोपातपण छापलीयत, आणि तेही शहरांच्याच पुस्तकात.

१४९३ ला न्यूरेंबर्गला आंतोन कोबेर्गरनं हार्टमान शेडेलचा जगाचा इतिहास छापला. आत १८०० च्या वर चित्रं पण लाकडी ठसे फक्त ६४५. सुरुवातीलाच दूरदेशीची विचित्र माणसं आहेत, त्यात बिनडोक्याची, छातीवर चेहरा असलेली. हा माल प्लिनी या प्राचीन रोमन लेखकापासूनचा, चीनशी संबंध नाही, पण शेजारी ठेवून बघा एकदा. आणि ठसे कमी पडत होते म्हणून काय केलं, तर एकच शहराचं चित्र नाव बदलून परत परत वापरलं. दमास्कस, फेरारा, मिलान आणि मांतुआ, चौघांना एकच तटबंदी आणि एकच बुरूज! न्यूरेंबर्ग मात्र दोन पानं पसरून, नीट, घरचं शहर ना.

त्यानंतर ८० वर्षांत चित्र एकदम पालटतं. कोलोनलाच, म्हणजे तुमच्याच गावात, १५७२ पासून ब्राऊन आणि होगेनबेर्ग यांनी सहा खंडांत पाचशेच्या वर शहरं छापली. पहिल्या खंडात एकाच पानावर मोरोक्कोतली दोन गावं, दीव आणि आपला गोवा आहे. चित्रात पुढे त्या त्या गावच्या पोशाखातली माणसं उभी असतात आणि ब्राऊननं त्याचं कारण दिलंय की तुर्कांच्या धर्मात माणसाचं चित्र चालत नाही, त्यामुळे ते या नकाशांचा लढाईसाठी उपयोग करणार नाहीत. मला हे कारण कधीच पटलं नाही, माणसांमुळे पानं खपत असणार.

अण्णा_सांगली

म्हणजे चार गावांना एक चित्र, नकाशे तुर्कांपासून वाचवायला माणसं उभी केलेली. मग ही शहरांची चित्रं आणि तो बिनमुंडक्याचा सारखेच झाले की. खरं काय धरायचं?

जुनी_पानं

सारखे नाही अण्णा. राइनकाठींचं व्हेनिस घ्या, ते जर याकोपो दे बार्बारीच्या चित्रावरून असेल (तेच असणार, सगळीकडे तेच असतं). १५०० साली सहा लाकडी ठोकळ्यांवर कोरलेलं, लांबी जवळजवळ पावणेतीन मीटर. त्या उंचीवर तेव्हा कोणी जाऊच शकत नव्हतं. बऱ्याच मनोऱ्यांवरून बघून, मोजून ते जोडलंय. म्हणजे तो कोन काल्पनिक, पण गल्ल्या-पूल खरे. इतके खरे की सान मार्कोच्या घंटाघरावर १४८९ ला वीज पडून टोक जळलं होतं, तर चित्रात त्याच्यावर चपटं तात्पुरतं छप्पर आहे. पुढे खरं टोक बांधून झाल्यावर ठोकळ्यातही दुरुस्ती करून पुन्हा छापलं. मांतुआवाल्या ठशावर असलं काही नाही. त्यामुळे प्रत्येक पानाला वेगळं विचारावं लागतं, कोरणाऱ्यानं ते गाव बघितलं होतं का, की ऐकून काढलं.

ऐकून काढण्याचा कहर म्हणजे अथानासिउस किर्खर. रोममध्ये बसून १६६७ ला चीनवर जाडजूड ग्रंथ, स्वतः चीनला पाऊल नाही ठेवलं. त्यात कमळावर बसलेली अनेक हातांची चिनी देवी आहे आणि तो म्हणतो हे सगळं मूळ इजिप्तचं. त्याच ग्रंथात आपले दशावतार आहेत, युरोपियन चेहऱ्यांचे, आणि देवनागरी मुळाक्षरांचे तक्ते! आग्र्याला असलेल्या हाइनरिख रोट नावाच्या पाद्र्यानं दिलेले. अक्षरं बऱ्यापैकी बरोबर आहेत, कारण ती देणाऱ्यानं खरंच शिकलेली. चित्रं मात्र बघवत नाहीत.

राइनकाठी

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भिंग आणलं. अपडेट:

व्हेनिस: सगळीकडे ठिपके. घंटाघर चपट्या छपराचं आहे हे मात्र बघितलं, भारी वाटलं. कोलोन: आभाळात एकसारख्या रेषा, ठिपके नाहीत. बिनमुंडक्याच्या पानाला मधे घडी आहे आणि कागद इतका पातळ की मागची बोटं दिसतात. झोंग क्वेच्या मागे फ्रेंच मजकूर छापलेला नाही, कोरं आहे. फ्रेंच ओळीचा फोटो संध्याकाळी टाकतो.

आजोबा पुढच्या रविवारी असतील तर काही बोलावं का?

भिंगवाला

४० युरोत एक खरं स्टील एन्ग्रेव्हिंग आणि एक चिनी पान, काय बोलणार, उलट विचारा अजून काय आहे. बहुतेक कोणाचं तरी आयुष्यभराचं फोल्डर घर रिकामं करताना निघालं असणार, म्हणून सगळं एकत्र.

फक्त लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर अजिबात नको. आम्लमुक्त माउंटबोर्ड घ्या, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावा, आणि उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. रंगीत झोंग क्वे सगळ्यात आधी फिका पडेल.

मेघना_पुणे

आणि तो दाराच्या आत नाही हं, दारावर लावायचा. फोटोची वाट बघते.