मदत हवी आहे : नौदलातलं कोणी आहे का ग्रुपवर?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात फौजी खंडीभर, पण सगळे पायदळातले! पुतण्याला वक्तृत्वासाठी विषय मिळालाय: नौदलाने आधी सैन्य उतरवणारी जहाजं घ्यावीत की इंधन पुरवणारी?

मला समजलं ते असं. मोठं उतरवणी जहाज आपल्याकडे एकच, अमेरिकेकडून जुनं घेतलेलं 'जलाश्व', बांधणी १९७१ ची. ते गोदीत दुरुस्तीला गेलं की उरतात 'शार्दूल'सारखी लहान, थेट किनाऱ्याला नाक लावणारी. 'जलाश्व'सारखी मोठी नवी चार घ्यायचं किती वर्षं नुसतं घोळतंय. उलट ४४,००० टनांच्या पाच पुरवठा जहाजांची ऑर्डर २०२३ मध्येच विशाखापट्टणमला गेली, सुमारे १९,००० कोटींची. मला तरी हेच बरोबर वाटतं. डिझेलच संपलं तर उतरवणार काय, कप्पाळ?

अडलंय ते इथं: एक जहाज कायम समुद्रात हवं तर एकूण किती लागतात, हा हिशोब कसा मांडतात? आणि भर समुद्रात दोन जहाजं शेजारी चालवत, मधे पाइप टाकून तेल भरताना प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणी चार ओळी लिहाल का? पोराला तेवढंच ऐकायचंय. रविवारी स्पर्धा आहे.