मांडवीतली बेने इस्रायल वस्ती पायी कशी पाहावी?

प्रश्न – चोपडेकर
आमच्याकडे आजोबांपर्यंत तेलघाणा होता. त्यामुळे कोकणात तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींना, म्हणजे तिथल्या मराठीभाषक ज्यूंना, ‘शनवार तेली’ म्हणत, हे वाचल्यापासून त्यांची मुंबईतली जुनी वस्ती पायी फिरून पाहावी असे मनात आहे. पुढच्या महिन्यात वडिलांना घेऊन शुक्रवारी रात्रीच्या गाडीने जळगावहून निघणार आहे. शनिवारी दिवसभरात मांडवी, भायखळा आणि फोर्ट हे तिन्ही भाग होतील का, आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर – तापीकाठ
मशीद बंदर स्टेशनापासून सुरुवात करावी. बेने इस्रायल मंडळी आपल्या सिनेगॉगलाही, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळालाही, मशीदच म्हणत आणि स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानले जाते. कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये ‘शार हरहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे मुंबईतले पहिले सिनेगॉग उभारले; टिपूच्या कैदेतून सुटल्याची कृतज्ञता म्हणून ते बांधले, अशी परंपरा आहे. ते सॅम्युअल स्ट्रीटवर आहे. दिवे या गावावरून दिवेकर, तसेच पेणकर, रोहेकर. ही आडनावे ऐकली की आपल्याला तर कोणी कोकणस्थ शेजारीच वाटावेत. हातगाड्यांच्या गर्दीत इमारत सहज नजरेतून सुटते, म्हणून सावकाश चालावे.

उत्तर – भुसावळ जंक्शन
शनिवार मात्र टाळावा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, असतो आणि त्या वेळी पाहुण्यांनी कॅमेरा घेऊन जाणे बरे दिसत नाही. रविवारी घाऊक बाजार बहुतांशी बंद असल्याने वडिलांनाही चालणे सोपे जाईल. आधी परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि आत जाताना डोके झाकावे.

उत्तर – तापीकाठ
फोर्ट आणि भायखळा याच फेरीत कोंबू नयेत, असे माझे मत आहे. फोर्टमधले १८८४ चे निळे ‘केनेसेथ एलियाहू’ देखणे आहे खरे, पण ते ससून घराण्याचे, म्हणजे बगदादहून आलेल्या अरबीभाषक व्यापाऱ्यांचे. आपल्यासारखी मराठी बोलणाऱ्या, मराठीतून कीर्तने रचणाऱ्या शनवार तेल्यांची गोष्ट मांडवीतच आहे.

प्रश्नकर्ता – चोपडेकर
आभारी आहे. शनिवारी घाणा बंद असतो हे स्वतःच लिहून नेमका शनिवारच ठरवला, यावर वडील अजून हसत आहेत. तिकीट बदलून शनिवारी रात्रीचे घेतले आहे.