मदत हवी आहे: पूल टूर्नामेंटच्या ड्रॉमध्ये बाय नक्की कुणाला द्यायचे?

नमस्कार मंडळी,

पूल-स्नूकर खेळणारे किंवा स्पर्धा भरवलेले कुणी इथे असतील तर जरा मदत करा. ठाण्यातल्या आमच्या क्लबची नाईन-बॉल ओपन जुलैत आहे, शनिवार-रविवार, ४ टेबलं, रेस टू ७ (आधी ७ रॅक म्हणजे डाव जिंकेल तो मॅच जिंकला), फी सगळ्यांना सारखी, आणि यंदा ड्रॉ काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एन्ट्र्या ४४. नॉकआउटला ३२, ६४ असा दुपटीचाच आकडा लागतो, ४४ म्हणजे ३२ ला जास्त आणि ६४ ला कमी, त्यामुळे ६४ चा ड्रॉ धरला की २० बाय (पहिला राउंड न खेळता थेट पुढे) निघतात. म्हणजे पहिल्या राउंडला २४ जण खेळणार, १२ मॅच, आणि बाकी २० जण क्यू हातात न घेता शेवटच्या ३२ मध्ये. बक्षिसाचे पैसे शेवटच्या १६ पासून आहेत, म्हणजे बायवाल्याला एका विजयात पैसे आणि दुसऱ्याला तेवढ्याच पैशांसाठी दोन मॅच काढायच्या.

मला हे एवढं का लागतंय ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत (नाव नको) सकाळी भिंतीवर ड्रॉचा कागद चिकटवलेला, कुणाला बाय कशाच्या जोरावर ते कुणीच सांगेना. मी पहिली मॅच ७-६ नी काढली, शेवटच्या रॅकला नऊ नंबर (तो पाडेल त्याचा रॅक) पॉकेटच्या तोंडाशी अडकलेला, घाम पुसेपर्यंत पुढच्या मॅचला नाव पुकारलं आणि समोर ताजातवाना बायवाला, ७-३ हरलो. तो खेळतो माझ्यापेक्षा चांगला, हरल्याचं काही नाही, पण बाय का दिला याचं उत्तर मिळालं नाही ते अजून खुपतं. माझ्या ड्रॉबद्दल कुणाला तसं वाटायला नको.

बरं, बाय म्हणजे निव्वळ फायदा असंही नाही. पावसाळ्यात आमचं कापड दमट होतं, बॉल पळत नाही, आणि ब्रेक (रॅकचा पहिला फटका) कुठून मारला की कडेचा बॉल पडतो हे एक मॅच खेळल्याशिवाय कळतच नाही. बायवाला थंड हाताने येतो.

अडचण अशी की पहिले ८ सीड (मानांकित खेळाडू) कोण यावर क्लबात एकमत आहे, पण ९ ते २० कुठून आणू? रँकिंग असं काही नाहीच आमच्याकडे. अंदाजाने नंबर दिले तर भांडणं होणार. कसं करू?

प्रतिसाद १
८ सीडना बाय द्या आणि ड्रॉच्या आठ वेगवेगळ्या भागांत बसवा, १ आणि २ नंबर समोरासमोरच्या अर्ध्यात. उरलेले १२ बाय सरळ चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांसमोर. माहीत नसलेलं रँकिंग ओढूनताणून बनवू नका. दोन सारख्या खेळाडूंत एकाला चिठ्ठीने बाय मिळाला तर लोक नशीब म्हणतात, तुम्ही ठरवून दिला तर वशिला म्हणतात.

प्रतिसाद २
डबल एलिमिनेशनचा विचार केलात का? जेद्दाच्या वर्ल्ड पूल चॅम्पियनशिपला १२८ जण घेतात, त्यामुळे बायचा प्रश्नच नाही, ६४ उरेपर्यंत एक हार माफ, दुसऱ्या हारेला बाहेर, आणि मग सरळ नॉकआउट.

धागाकर्ता
केला होता. ४४ जणांना नॉकआउटमध्ये ४३ मॅच, डबलमध्ये कमीत कमी ८६. मॅच तासाची धरली तर ४ टेबलांवर २२ तास, म्हणजे दोन्ही दिवस सकाळी १० ते रात्री ९ सलग, मध्ये एकही टेबल रिकामं न राहता. नाही जमणार.

प्रतिसाद ३
मग पहिल्या राउंडला क्वालिफाइंग म्हणा आणि फी भरतानाच सांगून टाका. स्नूकरच्या वर्ल्डला पहिले १६ थेट क्रुसिबलला (मुख्य स्पर्धा होते ते शेफील्डचं थिएटर) आणि बाकीचे १६ क्वालिफाइंग खेळून येतात, आधीपासून माहीत असतं म्हणून कुणी ओरडत नाही. शिवाय तिथे सीड पहिलीच मॅच हरला तर पैसे मिळतात पण ते रँकिंगमध्ये धरत नाहीत, हे मला फार आवडतं, न जिंकता रँकिंग कमावलं असं होत नाही. तुम्ही उलटं करा, पहिल्या राउंडच्या १२ विजेत्यांना अर्धी फी परत द्या, पुढे हरले तरी. आणि त्या १२ मॅच शनिवारी सकाळी उरकून दुपारी ३२ चा राउंड लावा, दोन मॅचमध्ये माणसाला जेवायला तरी वेळ मिळू दे.

धागाकर्ता
अर्धी फी परत ही कल्पना एकदम पटली, आजच कमिटीशी बोलतो, रक्कम पहिल्या बक्षिसातून थोडी वळवावी लागेल. एन्ट्री आधीच घेतल्यात म्हणून नियम सगळ्यांना आत्ताच पाठवतो आणि कुणाला नको असेल तर पूर्ण फी परत. चिठ्ठ्या बुधवारी संध्याकाळी क्लबात, ज्यांना यायचं त्यांनी या. बायवाल्यांना मॅचआधी टेबलावर १० मिनिटं सरावाला देतोय.

एकच राहिलं, ड्रॉ निघाल्यावर कुणी आलंच नाही तर समोरच्याला वॉकओव्हर द्यायचा की वेटिंगवरचा माणूस घ्यायचा?

प्रतिसाद १
पहिल्या राउंडला कुणी आलं नाही तर वेटिंगवरचा घ्या, ३२ च्या राउंडला मात्र वॉकओव्हरच. नाहीतर नवा माणूस एकही मॅच न जिंकता बायवाल्याच्या जागी येऊन बसेल, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न परत तिथेच. वेटिंगचा क्रमही बुधवारीच चिठ्ठीने काढून ठेवा.