मुलाचे राजकीय ग्रुपमधले मित्र घरी मुक्कामाला येणार म्हणतात. येऊ द्यायचं का?

दिघोरीची_आई

मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिस्कॉर्डवर त्यांचा एक ग्रुप आहे. महाराष्ट्रभरातली पोट्टी तिथे रात्र-रात्र राजकारणावर भांडतात. कापसाचा भाव, आरक्षण, सीमाप्रश्न, वेगळं विदर्भ, काहीच सोडत नाहीत. आता त्यातले तिघं डिसेंबरात हिवाळी अधिवेशन पाहायला नागपूरला येऊन राहिले. एक बेळगावचा, एक लातूरचा आणि एक ठाण्याची मुलगी. गॅलरीत बसून कामकाज पाहायचं, मग यशवंत स्टेडियमजवळची धरणं पाहायची, असा बेत आहे. मुक्काम आमच्याकडे!

बेळगावच्या पोराशी याचं जास्तच जमतं. त्यांच्या गावातही हिवाळ्यात कर्नाटकचं सरकार येतं, सुवर्ण विधानसौधात बसतं आणि निघून जातं. आपल्याकडेही तेच. यावरूनच म्हणे मैत्री झाली.

आमच्या घरातल्यांचं म्हणणं, ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला घरात कसं घ्यायचं? आणि राजकारणावरून जमलेली मैत्री एक निवडणूक तरी टिकते का? मला दोन्ही प्रश्न पटतात. पण पोरगा एवढा हुरळून गेलेला मी बारावीच्या निकालानंतर पाहिलेला नाही. कोणाला असा अनुभव आहे का?

सावजीप्रेमी

अधिवेशनात नागपुरात हॉटेलच्या खोलीचा भाव विचारून पाहा. पोरांची मैत्री खरी आहे की नाही माहीत नाही, मुक्काम तुमच्याकडे काहून ठेवला ते लगेच समजेल.

टायपिंगवाली

ताई, मी जिल्हा कोर्टाजवळ टायपिंगचं काम करते. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज. २००८ च्या सुमारास ऑर्कुटवरच्या वेगळ्या विदर्भाच्या एका कम्युनिटीत शिरले. मी बाई आहे हे तिथे बरेच दिवस कोणाला माहीत नव्हतं, कारण प्रोफाइलला झिरो माइलच्या घोड्यांचा फोटो होता. बहुतेक पोट्टे ‘जय विदर्भ’ लिहून मोकळे व्हायचे.

सगळे ‘अनुशेष, अनुशेष’ (म्हणजे विकासात राहून गेलेली तूट) करायचे, पण त्याचा तक्ता कोणी पाहिलेला नव्हता. आमच्या कोर्टातल्या एका जुन्या वकिलांकडे, ही तूट भागवार मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालाची झेरॉक्स होती. म्हटलं, टाइप करून टाकते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बसायची. पण टाइप केलं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, आणि ऑर्कुटवर चिकटवलं तर नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. त्याखाली एकाने लिहिलं, “आधी युनिकोड शिका, मग महाराष्ट्र तोडा.”

हा गडी कोल्हापूरचा. आमच्याशी भांडायलाच आलेला. त्याचे आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, त्यामुळे विदर्भाचं नाव काढलं की त्याचा पारा चढायचा. पण युनिकोडसाठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मला त्यानेच शिकवला, संध्याकाळी फोनवर, एकेक कळ सांगून. पुढे कचेऱ्यांमध्ये युनिकोडच मागायला लागले तेव्हा आमच्या ओळीतली दोन दुकानं बसली. माझं चाललं, ते त्याच्यामुळे.

तक्ता वाचता यायला लागल्यावर खरं भांडण सुरू झालं. एकूण अनुशेष ३१८६ कोटींचा, त्यात विदर्भाचा ३९ टक्के. आमचे पोट्टे नाचायला लागले. कोल्हापूरकर म्हणाला, “खालची ओळ वाचा. उर्वरित महाराष्ट्राचाही ३७ टक्के आहे आणि त्यात कोकण आहे. मग कोकणही वेगळं करता काय?” मी लिहिलं, लोकसंख्या बघा. राज्यात आम्ही चौथ्या हिश्श्याहून कमी आणि अनुशेषात ३९. दोन दिवस त्याचा पत्ता नव्हता. मग येऊन “हे बरोबर आहे” एवढंच लिहून गेला. विदर्भ वेगळा व्हावा असं त्याला आजही वाटत नाही. मला वाटतं.

आज जे माझे खरे दोस्त आहेत ते सगळे त्या तक्त्याच्या कामातले. चंद्रपूरचे एक मास्तर आकडे ताडून पाहायचे, अमरावतीची एक मुलगी स्कॅन करायची, वर्ध्याचा एक औषध दुकानवाला शुद्धलेखन तपासायचा (त्याच्याच पोस्टमध्ये सर्वांत जास्त चुका असायच्या). २८ सप्टेंबरला, विदर्भ महाराष्ट्रात यायचा ठरला त्या नागपूर कराराची होळी करायला आणि १ मेला काळा दिवस पाळायला पुष्कळ लोक यायचे, फोटोत पुढे उभे राहायचे. त्यांच्यातल्या एकाचाही फोन नंबर आज माझ्याकडे नाही.

२ जून २०१४ ला तेलंगण झालं तेव्हा आमच्याकडे दिवाळी होती. त्याच सप्टेंबरच्या शेवटी ऑर्कुट बंद पडलं, ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आली आणि अर्धे पोट्टे वेगवेगळ्या पक्षांचे झेंडे घेऊन निघून गेले. पण आमची फूट त्याच्या आधीच पडली होती. दिल्लीला शिष्टमंडळ न्यायचं म्हणून एकाने वर्गणी जमा केली. हिशेब मागितला तर म्हणे, “तुमचा चळवळीवर विश्वास नाही.” हिशेब मागणारे आम्ही एका बाजूला झालो. आज व्हॉट्सॲपवर आहोत ते तेवढेच, अधिक कोल्हापूरकर. त्याने एक पैसा दिला नव्हता, पण हिशेब सगळ्यांत जोरात त्यानेच मागितला होता!

एप्रिल २०२१ मध्ये, विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची रेल्वे नागपुरात आली त्या दिवसांत, माझ्या भावाला इथे कुठेच बेड मिळेना. वर्ध्याच्या दुकानवाल्याने तिकडे मिळवून दिला. कोल्हापूरकर तिकडून रात्रभर यादीतले नंबर फिरवत होता. भाऊ बरा आहे. कोल्हापूरकर कट्टर अखंड महाराष्ट्रवाला, तरी त्याला दर दिवाळीला संत्रा बर्फी भाऊच पाठवतो.

आता तुमचं. पोराला विचारा, बेळगावच्याशी तुझं कशावर पटत नाही? त्या मित्राची बाजू त्याने नीट, चिडवल्यासारखं न करता मांडली तर मी निश्चिंत होईन. ‘आमचं सगळंच जुळतं’ म्हणाला तर थोडं थांबेन. ग्रुपमध्ये कोणी पैसे गोळा करतं का, तेही विचारा. आणि ठाण्याच्या मुलीच्या आईशी तुम्ही स्वतः बोला, पोरांच्या मार्फत नको. पहिली भेट बाहेर ठेवा, तर्री-पोहे खायला न्या आणि मग घरी. गॅलरीच्या पाससाठी सहसा आमदाराचं पत्र लागतं, आतापासून मागे लागा.

यवतमाळकर_सध्या_पुणे

टायपिंगवाल्या ताईंचं नशीब थोर. आमचा ग्रुप एका पक्षाच्या समर्थकांचा होता. पक्ष कोणता ते सोडा. २०१९ च्या नोव्हेंबरात पहाटेचा शपथविधी झाला, त्या दिवशी दुपारपर्यंत पाच जण बाहेर पडले होते. पुढे २०२२, २०२३ मध्ये पक्षच फुटायला लागले, मग काय विचारता. ज्याच्या लग्नात मी तीन दिवस राबलो तो आता वाढदिवसाला अंगठा पाठवतो. आमच्यात कधी वादच होत नव्हता. सगळे मिळून दुसऱ्यांना शिव्या द्यायचो. दुसरे म्हणजे कोण तेच बदललं, मग आम्हाला एकमेकांशी बोलायला विषय राहिला नाही.

येऊ द्या पोरांना. पण हीच मैत्री जन्मभराची असं पोराने आत्ताच धरून बसू नये.

टायपिंगवाली

@यवतमाळकर_सध्या_पुणे, २०१६ मध्ये विदर्भवादी श्रीहरी अणेंनी राज्याचं महाधिवक्तापद सोडलं तेव्हा आमच्यातही जुंपली होती. ते वेगळ्या मराठवाड्याचंही बोलले होते ना. चंद्रपूरचे मास्तर म्हणाले, विदर्भाच्या मागणीत हे कशाला घुसडायचं? महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांना पेन्शनचा अर्ज टाइप करून हवा होता, तेव्हा आले. तुमचा तो अंगठेवाला पुण्यातच असेल तर एखादं काम काढून जा त्याच्याकडे. खोटं काढा, चालते.

यवतमाळकर_सध्या_पुणे

पिंपरीला राहतो. बघतो.

दिघोरीची_आई

सगळ्यांचे आभार. पोराला विचारलं. बेळगावच्याचं म्हणणं असं की मुंबईतल्या कोणत्याही सरकारला सीमाभाग खरोखर नकोच आहे, फक्त भाषणापुरता हवा आहे. आमच्या पोराला हे पटत नाही, पण मित्राच्या बाजूने तो पंधरा मिनिटं बोलला. शेवटी ह्यांनीच टीव्ही बंद केला आणि “मग तो पोरगा काय उत्तर देतो?” म्हणून विचारलं. येऊ द्यायचं ठरलं.

ठाण्याच्या मुलीच्या आईशी बोलले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी होती, म्हणजे इतकी की त्या स्वतःच सोबत येतात म्हणाल्या. त्यामुळे आता मुक्कामाला तीन नाही, चार. मुली आणि बायका आतल्या खोलीत, पोट्टे हॉलमध्ये गाद्या टाकून. वर्गणीचंही विचारलं, कोणी पैसे मागत नाही म्हणतो.

आता दुसराच प्रश्न. लातूरच्याला सावजीचं झणझणीत मटण खायचंच आहे, आणि ठाण्याच्या ताई शाकाहारी. दोघांना एका टेबलावर कसं बसवायचं?

सावजीप्रेमी

पाटोडी रस्सा, बेसनाच्या वड्यांचा. सावजीत तोही मिळतो आणि मटणाच्या रश्श्याइतकाच पेटतो. ठाण्याच्या ताईंना तेवढं आधी सांगून ठेवा, आणि घरी दही लावून ठेवा.