महागाईचा दर पाव टक्का, मग किराण्याचे बिल का उतरत नाही?

वहीवाली :
ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के होता, म्हणजे २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेतला तो नीचांक होता, असे वाचले. मी घरखर्चाची वही नेमाने लिहिते. ऑगस्ट २०२४ मध्ये सव्वाशेला मिळणारी सूर्यफूल तेलाची पिशवी आता दीडशेच्या पुढे गेली आहे आणि वाण्याच्या यादीची बेरीज काही केल्या खाली येत नाही. आणखी वाढेल या धास्तीने मी दर महिन्याला दोन पिशव्या जास्तीच्या भरून ठेवते. सरकारी आकडा चुकीचा आहे, की माझी वही?

हिशेबी :
दोन्ही बरोबर आहेत. दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात सुमारे ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या सुमारे साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या, म्हणजे २०२३ सालची शंभराची भाजी १४२ वर जाऊन १०३ वर आली, जिथे होती साधारण तिथेच. तेव्हाच्या, २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात, म्हणजे घरखर्चाच्या वस्तूंचे भाव एकत्र मोजणाऱ्या आकड्यात, खाण्यापिण्याचा भार (वाटा) ४५.८६ टक्के असल्याने भाज्यांच्या या उताराने एकूण दर खाली ओढला. तेलाचे तसे झाले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले, ते मे २०२५ च्या अखेरीस १० वर आणले; पण आपले निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येत असल्यामुळे जागतिक बाजार तेजीत असताना त्या सवलतीचा फारसा दिलासा मिळाला नाही.

जुना_ग्राहक :
याला एक पुरवणी जोडतो. रिझर्व्ह बँक कुटुंबांना विचारते की सध्या महागाई किती वाटते, तीन महिन्यांनी किती असेल आणि वर्षभराने किती. उत्तरे अधिकृत दरापेक्षा बरीच वरची येतात. मला त्यात नवल वाटत नाही, कारण दूध-तेल आपण रोज किंवा दर महिन्याला विकत घेतो आणि त्यांचे भाव तोंडपाठ असतात. टीव्ही सात-आठ वर्षांतून एकदा घेतो, त्याचा जुना भाव कोणाला आठवतो? ताई, तुमच्या जास्तीच्या दोन पिशव्या हे याच अपेक्षेचे रूप आहे. सगळ्यांनी असेच केले तर मागणी आधीच वाढून भाव खरोखर चढतात, आणि मध्यवर्ती बँकेला चिंता असते ती याचीच.

थांबलेला :
अपेक्षा उलट्या दिशेनेही काम करते, याचा आमच्याच घरचा दाखला देतो. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि आम्ही बिघडत आलेला फ्रिज तसाच रेटला. कपात २२ सप्टेंबरला लागू झाल्यावर दुकानात गेलो, तेव्हा विक्रेत्याने शांतपणे सांगितले की २८ वरून १८ टक्क्यांवर एसी आणि मोठे टीव्ही आले आहेत, फ्रिज आधीपासूनच १८ मध्ये होता. महिनाभर आंबलेले दूध प्यायलो ते फुकटच! साबण, टूथपेस्ट आणि शाम्पू मात्र १८ वरून ५ वर आले, तो फरक बिलात दिसला.

हिशेबी :
वहीवाली, भावाबरोबर पिशवीवरचे निव्वळ वजनही वहीत लिहीत चला. तेलाचा एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतो, परंतु तेवढ्याच दिसणाऱ्या पिशव्यांत त्याहून कमी तेल असू शकते.

वहीवाली :
आताच फडताळ उघडून पाहिले. साठवलेल्या दोन पिशव्यांपैकी एकीवर ९१० ग्रॅम आहे, दुसरीवर ८५०. दुसरी मी चार रुपये स्वस्त म्हणून घेतली होती. दीडशेच्या हिशेबाने ६० ग्रॅमचे जवळपास दहा रुपये होतात, म्हणजे ती स्वस्त पिशवी सहा रुपयांनी महाग पडली. वहीत आजपासून वजनाचा रकाना आखला आहे आणि पुढच्या महिन्यात जास्तीची पिशवी घेणार नाही.